प्रेम आणि भीती एकाच घरात

हिवाळ्याची रात्र. एक बाई घाईघाईने लहान मुलाला उठवते, हाताला लागतील ते कपडे पिशवीत कोंबते आणि घराबाहेर पडते. ती बहिणीच्या घरी पोहोचते तेव्हा पायात घरात वापरायच्या सपाता असतात. बदलायला वेळ मिळालेला नाही, की बदलायचे भानच राहिलेले नाही, हे तिलाही सांगता येत नाही. स्पॅनिश चित्रपट ‘ते दॉय मिस ओखोस’ इथून सुरू होतो. नावाचा अर्थ ‘मी तुला माझे डोळे देते’.

२००३ साली आलेला हा चित्रपट इथियार बोयाइन या दिग्दर्शिकेचा. तिने अलिसिया लुना या लेखिकेसोबत त्याची पटकथा लिहिली. २००४ च्या गोया पुरस्कारांमध्ये, म्हणजे स्पेनमधल्या चित्रपटांच्या सर्वात मोठ्या पुरस्कारांमध्ये, त्याला सात पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, नायिका, नायक आणि सहायक अभिनेत्री हे त्यातले. विषय आहे नवऱ्याकडून बायकोला होणारी मारहाण. हा विषय आमच्या वाचकांना परका नाही. तो कोणत्याच देशाला, कोणत्याच समाजाला परका नाही. म्हणूनच दूरच्या देशातल्या या चित्रपटाबद्दल या अंकात लिहावे असे आम्हाला वाटले.

पिलार आणि अंतोनिओ

पळून आलेल्या बाईचे नाव पिलार. लाया मारूल या अभिनेत्रीने ती उभी केली आहे. नवरा अंतोनिओ, म्हणजे लुईस तोसार. मुलगा हुआन. बहीण आना जुन्या चित्रांची डागडुजी करण्याचे काम करते. पिलार घरी आल्यानंतर आना तिचे कपडे आणायला तिच्या घरी जाते, तेव्हा तिला हॉस्पिटलचे कागद सापडतात. कधी पडून लागले, कधी आपटून लागले, अशी कारणे सांगून पिलारने उपचार घेतलेले असतात. एवढी वर्षे सख्ख्या बहिणीला पत्ता नसतो.

इथे दिग्दर्शिकेने एक मोठा निर्णय घेतला आहे. चित्रपटात मारहाणीची दृश्ये जवळजवळ नाहीतच. आपल्याला दिसते ती मारहाणीनंतरची आणि मारहाणीआधीची पिलार. दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला की तिचे अंग आखडते. नवऱ्याचा स्वर थोडा बदलला की ती बोलता बोलता थांबते. आज कोणत्या शब्दाने बिनसेल याचा अंदाज घेत ती दिवस काढते. हात रोज उठत नाही, पण भीती रोजची आहे. ज्या घरात असे घडते तिथल्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बाकीच्यांना मात्र ते कळायला हवे, कारण ‘रोज थोडेच मारतो’ हे वाक्य आपल्याकडेही समजूत घालताना सर्रास वापरले जाते.

अंतोनिओ हा सिनेमातला नेहमीचा खलनायक नाही. तो दारुड्या नाही, जुगारी नाही. घरगुती उपकरणांच्या दुकानात काम करतो. भावापुढे आपण कमी पडतो, हे त्याच्या मनात सलत असते. बायको गेल्यावर तो रडतो, भेटी घेऊन येतो, माफी मागतो, आणि ती माफी खोटी वाटत नाही. तो खरोखर तिच्यावर प्रेम करतो, असे पाहणाऱ्यालाही वाटू लागते. पिलारलाही तेच वाटते. चित्रपटाचे नाव या दोघांच्या एकांतातल्या एका लाडिक खेळातून आले आहे. त्या खेळात ती दोघे आपल्या देहाचा एकेक भाग एकमेकांना देऊन टाकतात. ‘माझे डोळे तुला दिले’ हा त्यातलाच भाग. ऐकायला गोड वाटते. पण चित्रपट पुढे सरकतो तसा त्याचा दुसरा अर्थ उलगडत जातो. ज्या बाईने आपले डोळेच देऊन टाकले, तिला जग नवऱ्याच्या नजरेनेच पाहावे लागते आणि स्वतःलाही त्याच नजरेने.

‘ती परत का गेली?’

मार खाणाऱ्या बाईबद्दल लोक सर्वात आधी विचारतात ते हेच. निघून का येत नाही? आली होती तर परत का गेली? आमच्या मते हा चित्रपट या प्रश्नाचे जितके प्रामाणिक उत्तर देतो, तितके एखाद्या जाडजूड अहवालातही सापडणार नाही.

बहिणीच्या ओळखीने पिलारला तोलेदो शहरातल्या एका चर्चमध्ये तिकिटे देण्याचे काम मिळते. जुनी चित्रे पाहायला तिथे प्रवासी येत असतात. पिलार तिकिटे फाडता फाडता ती चित्रे पाहू लागते, त्यांच्याबद्दल ऐकू लागते. सोबत काम करणाऱ्या बायका तिच्या मैत्रिणी होतात. पुढे ती लोकांना चित्रे समजावून सांगायला शिकते. इतकी वर्षे घरात हळू आवाजात बोलणारी ही बाई अनोळखी लोकांसमोर उभी राहून न चाचरता बोलते, तेव्हा पाहणाऱ्यालाच बरे वाटते.

पण याच दिवसांत ती अंतोनिओला भेटतही असते. तो हिंसा करणाऱ्या पुरुषांसाठी असलेल्या समुपदेशनाच्या गटात जाऊ लागला आहे. म्हणजे तो प्रयत्न करतो आहे. नवरा प्रयत्न करत असताना आपण पाठ फिरवावी, हे तिला पटत नाही. मुलाला वडील हवे असतात. शिवाय तिची आई आहेच. रोझा मारिया सार्दा यांनी साकारलेली ही आई दुष्ट नाही. लेकीचा संसार टिकावा, एवढीच तिची इच्छा. बाईमाणूस एकटे राहून सुखी होत नाही, हे तिचे मत. तिच्या स्वतःच्या संसारातही फार सुख नव्हते, हे आपल्या लक्षात येत जाते. आपण जे सोसले ते लेकीलाही सोसता येईल, असे तिने गृहीत धरले आहे.

अशा आया आपण पाहिल्या आहेत. ‘बेटा, सब्र कर, मुलांकडे बघ’ असे सांगणाऱ्या अम्मी, ‘माहेरी किती दिवस राहणार’ असे दबक्या आवाजात विचारणाऱ्या चाची आणि खाला. त्यांचे लेकीवर प्रेम नसते असे नाही. पण लेक पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला काय ऐकायला मिळाले, यावर ती दुसऱ्यांदा येईल की नाही हे बरेचसे ठरते. सब्र ही मोठी गोष्ट आहे. आजारपणात, गरिबीत, मृत्यूच्या दुःखात माणसाला सब्रचाच आधार असतो. पण दुसऱ्याने हाताने केलेला जुलूम मुकाट्याने सोसणे म्हणजे सब्र नव्हे. पैगंबर साहेबांनी कधीही कोणत्याही स्त्रीवर किंवा नोकरावर हात उगारला नाही, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेले आहे. धर्माचे नाव पुढे करून मारहाणीवर पांघरूण घालणाऱ्याने आधी हे आठवावे.

पिलार परत जाते. बहिणीला राग येतो, मैत्रिणींना काळजी वाटते. पाहताना आपलाही जीव खालीवर होतो. पण ती मूर्ख आहे असे एकदाही वाटत नाही. आपण तिच्या जागी असतो तर कदाचित हेच केले असते, असे वाटते. चित्रपटाचे मोठेपण यात आहे.

समुपदेशनाचा गट

अंतोनिओ ज्या गटात जातो, ती दृश्ये या चित्रपटाचा एक महत्त्वाचा भाग आहेत. बोयाइन यांनी याआधी २००० साली ‘आमोरेस के मातान’ हा लघुपट केला होता. नावाचा अर्थ ‘जीव घेणारी प्रेमे’. त्यात बायकांना मारणाऱ्या पुरुषांना सुधारण्यासाठी काढलेल्या एका काल्पनिक केंद्राची गोष्ट होती आणि त्यातही लुईस तोसार होते. त्याच बीजातून पुढे हा मोठा चित्रपट उभा राहिला.

गटात बसलेल्या पुरुषांना आपण काही चुकीचे केले असे वाटतच नसते. ‘तिने डिवचले’, ‘एखाद वेळी हात उठला’, ‘घरात पुरुषाचे ऐकायला नको का?’ अशी त्यांची भाषा. समुपदेशक त्यांना साधी साधी कामे देतो. घरी गेल्यावर बायकोशी नीट बोलायचे. राग चढू लागला की शरीरात काय होते ते ओळखायचे. मनात आलेले वहीत लिहून काढायचे. अंतोनिओ वही आणतो, लिहितो. काही दिवस बरे जातात.

पण त्याचा राग ही वरवरची गोष्ट आहे. मुळाशी भीती आहे. बायको आपल्याहून पुढे जाईल, आपल्याशिवाय तिचे चालेल, मग आपण कोण, ही ती भीती. पिलारला चित्रे आवडू लागली, तिला नव्या मैत्रिणी मिळाल्या, लोक तिचे ऐकू लागले, याचा त्याला आनंद होत नाही. त्याला ते आपले नुकसान वाटते. ती कुठे गेली होती, कुणाशी बोलली, काय विचार करते आहे, हे सगळे त्याला कळलेच पाहिजे. रागावर ताबा मिळवायला शिकवता येते. पण बायको ही आपली मालमत्ता नाही, हे जोपर्यंत मनाला पटत नाही तोपर्यंत ते शिकणे कच्चेच राहते. समुपदेशन निरुपयोगी आहे, असे चित्रपट म्हणत नाही. नवरा समुपदेशनाला जातो एवढ्यावर बायकोने तिथेच थांबावे, हा आग्रह मात्र धोक्याचा आहे, हे तो स्पष्ट दाखवतो.

मोडले काय?

पिलारला माद्रिदला एका कामाच्या मुलाखतीसाठी जायचे असते. त्या दिवशी अंतोनिओचा ताबा सुटतो. तो तिच्या अंगावरचे कपडे ओरबाडून काढतो आणि तिला तशीच बाल्कनीत ढकलून दार लावून घेतो. खाली रस्ता असतो. एकही हाड मोडत नाही, पण पाहणाऱ्याला अख्ख्या चित्रपटात याहून भयंकर काही वाटत नाही.

त्यानंतर ती पोलिसांकडे जाते. समोरचा अधिकारी उद्धट नाही. तो नेहमीचे प्रश्न विचारतो: कुठे लागले, काय इजा झाली? दाखवायला तिच्याकडे काहीच नसते. आतले सगळेच मोडले आहे, एवढेच ती सांगू शकते. त्या रकान्यात हे लिहिता येत नाही. ती तक्रार न देताच परत फिरते.

आम्हाला वाटते, कायदा आणि घर यांच्यामधली दरी एवढ्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवली असेल. जखम दिसली तर गुन्हा, दिसली नाही तर ‘घरातले भांडण’. ही वृत्ती फक्त ठाण्यातल्या पोलिसाची नाही. जमातीच्या बैठकीत, नातेवाइकांच्या मध्यस्थीत, शेजाऱ्यांच्या कुजबुजीतही हेच मोजमाप चालते.

स्पेन तेव्हा कुठे होता?

पिलारची आई असा विचार का करते, हे कळायला स्पेनचा इतिहास थोडा माहीत हवा. १९७५ पर्यंत त्या देशावर जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. त्या राजवटीत विवाहित बाईला नोकरी करायला, बँकेत खाते उघडायला नवऱ्याची परवानगी लागत असे. ही अट फ्रँकोच्या मृत्यूच्या काही महिने आधी, १९७५ मध्येच काढली गेली. घटस्फोटाचा कायदा आला तो १९८१ मध्ये. म्हणजे पिलारच्या आईच्या तरुणपणी वाईट संसारातून बाहेर पडायला कायद्याने वाटच ठेवली नव्हती. युरोपातल्या बायका पूर्वीपासून मोकळ्या, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. एका पिढीपूर्वीचा स्पेन तसा नव्हता.

स्पेनच्या मनाला हादरा बसला तो १९९७ च्या डिसेंबरमध्ये. ग्रॅनाडाजवळ राहणाऱ्या आना ओरांतेस या साठ वर्षांच्या बाईने दूरचित्रवाणीवर येऊन सांगितले, की नवऱ्याने आपल्याला चाळीस वर्षे मारले. घटस्फोट झाला होता, पण न्यायालयाच्या निर्णयामुळे दोघांना एकाच घराच्या दोन मजल्यांवर राहावे लागत होते. त्या कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांच्या आत त्या माणसाने तिला पेटवून मारले. तोवर अशा बातम्या वर्तमानपत्रात चार ओळींत छापल्या जात. या मृत्यूनंतर त्या पहिल्या पानावर आल्या.

जुलै २००३ मध्ये संरक्षण आदेशाचा कायदा झाला. त्यानुसार तक्रार आल्यावर जास्तीत जास्त ७२ तासांत न्यायाधीशाने सुनावणी घ्यायची होती. त्याच वर्षी हा चित्रपट आला. २००४ च्या डिसेंबरमध्ये स्पेनच्या संसदेने स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध व्यापक कायदा केला. एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या सगळ्या पक्षांनी तो एकमताने मंजूर केला. स्वतंत्र न्यायालये, शाळांमधले शिक्षण, डॉक्टरांवरची जबाबदारी, पीडित बाईला नोकरीत सवलती, असे सगळे त्यात आले. २००७ पासून ०१६ हा मदतीचा क्रमांक सुरू झाला. त्यावर केलेला फोन बिलात दिसत नाही. नवरा बिल तपासतो हे ज्याला माहीत असेल, त्यालाच अशी तरतूद सुचते.

तरीही २००३ पासून स्पेनने ठेवलेल्या सरकारी नोंदींत नवऱ्याने, जोडीदाराने किंवा आधीच्या जोडीदाराने मारलेल्या बायकांचा आकडा १,२०० च्या वर गेला आहे. कायदा आवश्यक आहे, पण एकट्या कायद्याने घर सुधारत नाही.

तोलेदो म्हणजे तुलैतुला

हे सगळे जिथे घडते ते तोलेदो शहर आमच्या वाचकांना दुसऱ्या नावानेही ओळखीचे असेल. अंदलुसच्या काळात ते तुलैतुला होते. १०८५ मध्ये ते मुस्लिम सत्तेकडून गेले. ९९९ साली बांधलेली बाब अल-मर्दूमची छोटी मशीद आजही तिथे उभी आहे. पुढे तिचे चर्च झाले. खगोलशास्त्रज्ञ अल-जरकाली याच शहरात काम करत होता. अरुंद चढउताराच्या गल्ल्या, दगडी भिंती, जुनी प्रार्थनास्थळे पाहायला जगभरातून लोक येतात. त्याच गल्ल्यांतून पिलार मुलाला घेऊन धावते. वैभवाचा इतिहास सांगणाऱ्या भिंतींआड आज काय चालले आहे, हा प्रश्न कोणत्याही जुन्या शहराला विचारता येतो आणि कोणत्याही खानदानी घरालाही.

आपल्या हातात काय आहे?

चित्रपट पाहून हळहळणे सोपे आहे. आपल्या लेकीबाळींना काय हक्क आहेत, हे माहीत असणे जास्त उपयोगाचे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू होतो. त्यात फक्त मारहाण नाही. अपमान, धमक्या, घरखर्चाचे पैसे अडवणे, कमाई काढून घेणे हीसुद्धा हिंसाच धरली आहे. पिलारला जे पोलिसांना दाखवता आले नाही, ते या कायद्यात शब्दांत मांडलेले आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बायकोला त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्याचे काम शेजारी किंवा नातेवाईकही करू शकतात. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२. मुंबईत पोलिसांच्या सोबतीने चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केला.

आणखी एक कायदा आपल्या घरांशी थेट जोडलेला आहे: १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा. हनफी मतानुसार पत्नीला न्यायालयामार्फत निकाह मोडायला फारच थोडी वाट होती. त्यामुळे जुलमी नवऱ्यांच्या तावडीत अडकलेल्या बायकांचे हाल होत. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या आलिमांनी मालिकी मताच्या आधारे मार्ग काढला आणि त्यातून पुढे हा कायदा आला. त्यात क्रूरतेची व्याख्या करताना स्पष्ट म्हटले आहे, की शारीरिक मारहाण नसली तरी वागणुकीने पत्नीचे जगणे असह्य करणे हीसुद्धा क्रूरताच. आठ दशकांहून जास्त काळ हा हक्क आपल्या बहिणींच्या हाती आहे. किती घरांत तो मुलीला निकाहच्या आधी सांगितला जातो? मेहरची रक्कम, दागिने, जेवणातले पदार्थ यांची चर्चा महिनोन्महिने चालते. ‘कधी हात उचलला गेला तर पहिल्याच दिवशी आम्हाला सांग, हे घर तुझे आहे’ हे एक वाक्य मात्र बहुतेक बाप बोलत नाहीत. ते बोलायला पैसा लागत नाही.

मुलग्यांशीही बोलावे लागेल. हुआन हे सगळे घरात बघत वाढतो आहे. तो उद्या कोण होईल, याची चिंता चित्रपट संपल्यावरही मनातून जात नाही.

शेवटी पिलार बहिणीला सांगते, की तिला आता स्वतःला पाहायचे आहे, आपण कोण ते तिला कळेनासे झाले आहे. मग ती आपले सामान घ्यायला त्या घरी जाते. या वेळी ती एकटी नसते. कामावरच्या मैत्रिणी तिच्या सोबत असतात. आरडाओरडा होत नाही, भाषणे होत नाहीत. त्या मुकाट्याने सामान गोळा करतात आणि बाहेर पडतात. अंतोनिओ पाहत राहतो. त्याला अडवता येत नाही, कारण बाईच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात.

पहिल्या रात्री ती घाबरून पळाली होती. या वेळी ती दिवसाउजेडी निघते. या दोन निघण्यांमध्ये जे उभे राहिले ते एक काम, थोडा पैसा, दोन-तीन मैत्रिणी आणि उघडी दारे. हे उभे करणे कोणत्याही कुटुंबाच्या, कोणत्याही मोहल्ल्याच्या आवाक्यात आहे. आपल्या ओळखीत एखादी पिलार असेल, तर तिला ‘परत का गेलीस’ असे विचारू नये. ती पुन्हा निघेल तेव्हा तिच्या सोबत कोण चालेल, हे मात्र आपण आजच ठरवून ठेवावे.